अंड्यात काय नाही, तिथून सुरुवात करूया

अंड्याचं कौतुक करणारे लेख ढिगाने सापडतात. प्रोटीन आहे, डोळ्यांना चांगलं, मेंदूला चांगलं. त्यातलं बरंचसं खरंही असतं. पण वाचून झालं आणि ओट्यापाशी उभं राहिलं की प्रश्न तसेच असतात. किती खायची, बलक काढायचा का, कशाबरोबर खायचं, लहानग्याला द्यायचं का? माझं म्हणणं असं की अंड्यात काय नाही हे एकदा नीट कळलं, की ताटात त्याच्या शेजारी काय हवं ते आपोआप सुचतं.

आमच्या बाबांचं पाहा. पन्नाशीत रक्ततपासणीत कोलेस्टेरॉल जरा वाढलेलं निघालं आणि त्या दिवसापासून बलक बंद. पंधरा वर्षं हाच रिवाज: रोज दोन उकडलेली अंडी, पांढरं बाबांना, बलक मांजरीला. टोस्टवर लोणी आणि संध्याकाळच्या चहाबरोबर फरसाण मात्र चालूच. मांजर तुकतुकीत झाली, बाबांचा रिपोर्ट जिथल्या तिथे.

आधी आकडे, पण मोजकेच

टरफल सोडून ५० ग्रॅम भरेल अशा अंड्यात साधारण ७२ कॅलरी, सहा ग्रॅमहून थोडं जास्त प्रोटीन आणि पाच ग्रॅम स्निग्धांश असतो. त्यातला संपृक्त, म्हणजे तुपालोण्यातल्या जातीचा, जेमतेम दीड ग्रॅम. आपल्या किराणा दुकानातलं अंडं यापेक्षा किंचित लहान असतं, म्हणून ‘७० कॅलरी, ६ ग्रॅम प्रोटीन’ एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पांढऱ्यात साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फक्त १७ कॅलरी. बाकी बहुतेक पाणीच. बलकात पावणेतीन ग्रॅम प्रोटीन, सगळी चरबी, आणि अ, ड, ई ही जीवनसत्त्वं. बी-१२ सुद्धा जवळजवळ सगळं बलकातच. म्हणजे बलक टाकणारा माणूस चरबीबरोबर चाळीस टक्क्यांहून जास्त प्रोटीनही टाकतो, हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

बलकातली आणखी एक गोष्ट म्हणजे कोलीन. पेशींच्या आवरणासाठी, यकृतातली चरबी हलती ठेवण्यासाठी आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी ते लागतं. गरोदर बाईला दिवसाला ४५० मिलिग्रॅम हवं असं मानतात, आणि एका अंड्यातून दीडशेच्या आसपास मिळतं. आपल्या रोजच्या पोळी-भाजी-वरण-भातात एवढं कोलीन एका ठिकाणी देणारा पदार्थ शोधून सापडत नाही. डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटिन आणि झिॲक्सँथिन ही पिवळी द्रव्यंही बलकात असतात. पालकात ती कितीतरी जास्त, पण बलकात ती स्निग्धांशातच विरघळलेली असल्यामुळे अंगी चांगली लागतात.

प्रोटीनच्या प्रतीबद्दल थोडं. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या सगळ्यांत लायसिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रोटीनचा एक घटक, कमी पडतं. डाळींत ते भरपूर, पण मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी. अंड्यात दोन्ही असतात. त्यामुळे भाकरीबरोबर अंडं आलं की भाकरीतलं प्रोटीनही शरीराला जास्त कामी येतं.

आता नसलेल्या गोष्टी

तंतू, म्हणजे फायबर, शून्य. क जीवनसत्त्व शून्य. कॅल्शियम अठ्ठावीस मिलिग्रॅम, आणि गरज दिवसाला हजाराची. बाकीचं कॅल्शियम सगळं टरफलात, आणि टरफल आपण गुलाबाच्या कुंडीत टाकतो.

लोहाबाबत जास्त फसगत होते. ‘रक्त वाढायला अंडी खा’ असं सर्रास सांगतात. एका अंड्यात लोह एक मिलिग्रॅमही नसतं, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलं आहे. त्यात बलकातलं फॉस्विटिन नावाचं प्रोटीन लोहाला धरून ठेवतं, म्हणून आहे तेवढंही पूर्ण मिळत नाही. हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या मुलीला ‘रोज दोन अंडी खा’ एवढंच सांगून सोडणं म्हणजे तिला वाऱ्यावर सोडणं. तिला डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या हव्यात, पालेभाजी-डाळीवर लिंबू हवं.

बी-१२ चंही जवळपास तेच. एका अंड्यात अर्धा मायक्रोग्रॅम, गरज दोनच्या आसपास, आणि अंड्यातलं बी-१२ दूध किंवा मासळीतल्यापेक्षा बरंच कमी शोषलं जातं. पुण्यात के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामातून बी-१२ ची कमतरता आपल्याकडे किती पसरलेली आहे हे पुढे आलं. कमतरता निघालीच असेल तर अंड्याच्या भरवशावर राहू नका. ड जीवनसत्त्वही एका अंड्यात एकच मायक्रोग्रॅम, आणि गरज पंधराची. उन्हाला पर्याय नाही.

तर ताट कसं लावायचं

अंड्याबरोबर रोज तीन गोष्टी याव्यात: काहीतरी आंबट-ताजं, काहीतरी तंतूंचं, आणि ज्या दिवशी जमेल त्या दिवशी कॅल्शियमचं.

आंबट-ताजं म्हणजे लिंबाची फोड, टोमॅटो, कोथिंबीर, हिरवी मिरची, पेरूच्या दोन फोडी. यातल्या क जीवनसत्त्वामुळे ताटातलं लोह शोषायला मदत होते. मात्र शिजताना हे जीवनसत्त्व बरंचसं जातं, म्हणून लिंबू गॅस बंद केल्यावर पिळायचं आणि कोथिंबीर वरून. तंतू भाकरी, भाजी, कांदा-काकडीच्या कोशिंबिरीतून येतात. काकडी-गाजराच्या कोशिंबिरीवर उकडलेलं अंडं कुस्करून घातलं तर बलकातल्या चरबीमुळे गाजरातलं कॅरोटीनही जास्त मिळतं. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी किंवा वाटीभर दही.

आणि चहा थांबवायचा. आमलेट-पाव आणि कटिंग ही जोडी मला स्वतःला प्रिय आहे, पण चहातलं टॅनिन लोहाला अडवतं. तासभराने प्या.

भुर्जी जवळून पाहू, कारण बहुतेक घरांत अंडं भुर्जी होऊनच पोटात जातं. गाडीवरची भुर्जी करताना भुर्जीवाला तव्यावर आधी लोण्याचा गोळा सोडतो, मग तेल, मग कांद्याचा ढीग, आणि पाव भाजायला परत लोणी. दोन अंड्यांच्या १४० कॅलरी. चमचाभर, म्हणजे पोह्याच्या चमच्याने एक, तेलाच्या ४५. पण गाडीवर ते चार चमचे झालं आणि वर दहा-पंधरा ग्रॅम लोणी आलं की स्निग्धांशाच्या कॅलरी अंड्याच्या दुप्पट होतात. वजन वाढलं की नाव मात्र अंड्याचं.

घरी दोघांसाठी अशी करा:

१. चार अंडी फोडून चिमूटभर हळद आणि मीठ घालून फेटून घ्या. प्रत्येक अंडं आधी वाटीत फोडायचं, मग भांड्यात ओतायचं. एक खराब निघालं तर चारही जात नाहीत.

२. जाड बुडाच्या कढईत दोन छोटे चमचे तेल. मिरची आणि दोन मोठे कांदे, कांदा काचेसारखा दिसेपर्यंत. लाल करायची गरज नाही.

३. दोन टोमॅटो आणि वाटीभर चिरलेली मेथी किंवा पालक, नाहीतर ढोबळी मिरची. पाणी आटू द्या. पाणी राहिलं की भुर्जी गिचगिचीत होते.

४. आच मंद करून अंडी ओता आणि दहा सेकंद हात लावू नका. मग उलथन्याने कडेकडून मध्ये ओढा. सतत ढवळलं की भुगा होतो, मध्ये मध्ये ओढलं की मऊ गोळे राहतात.

५. कुठेही ओलसर द्रव दिसेनासा झाला की लगेच बंद. अंडं कढईच्या उष्णतेवर पुढेही शिजत राहतं. वर लिंबू, कोथिंबीर, ज्वारीची भाकरी.

उकडण्याची रीत

अंडी गार पाण्यात टाकून गॅस पेटवण्याची सवय आपल्याकडे आहे. ते चालतं, पण वेळेचा अंदाज दर वेळी चुकतो आणि टरफल चिकटतं. त्याऐवजी पाण्याला आधी खळखळ उकळी आणा, आच थोडी कमी करा आणि डावाने अंडी अलगद सोडा. फ्रिजमधली असतील तर दहा मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर तडकतात. सहा मिनिटांत बलक पातळ, आठ मिनिटांत मऊ आणि मधोमध ओलसर, अकरा मिनिटांत पक्का. मग थेट गार पाण्यात पाच मिनिटं.

पंधरा-वीस मिनिटं खदखदत ठेवलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट-राखाडी कडा येते. ते विष नव्हे. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचं ते मीलन. खायला हरकत नाही, फक्त चव आणि वास बिघडतो. मुलं ‘उकडलेलं नको’ म्हणतात त्याचं निम्मं कारण हे.

सोलताना टरफलाबरोबर अर्धं पांढरंच निघून येत असेल तर अंडं फार ताजं आहे. जुनं होत जाईल तसा अंड्यातला कार्बन डायऑक्साइड टरफलाच्या छिद्रांतून बाहेर जातो आणि आतला पापुद्रा सुटा होतो. उकडायला पाच-सात दिवसांची अंडी घ्या, हाफ फ्रायला ताजी. बोथट टोकाकडून सोलायला सुरुवात करा, तिथे हवेची पोकळी असते.

घेताना, ठेवताना

तपकिरी आणि पांढरं टरफल हा कोंबडीच्या जातीचा फरक, पोषणाचा नाही. गावरान अंड्याचा बलक केशरी दिसतो कारण ती कोंबडी गवत, किडे, मका टिपत फिरते. पण पोल्ट्रीतही खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क घालून बलक हवा तितका पिवळा करता येतो. म्हणून रंगावर भाळू नका. गावरान अंड्याची चव मला आवडते, आणि शेजारच्या मावशींच्या कोंबड्यांना पैसे मिळतात म्हणून मी घेते. पण पोषणासाठी दुप्पट पैसे मोजायचं काही कारण नाही. ओमेगा-३ ची अंडी म्हणजे बहुतेक वेळा जवस खाऊ घातलेल्या कोंबडीची. जवसाची चटणी आपण थेटच खाऊ शकतो.

आणलेली अंडी धुऊन ठेवू नका. टरफलावर नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा आणि वापरण्याच्या क्षणी धुवा. तडा गेलेलं दुकानातच परत द्या. फ्रिजच्या दारात अंड्यांचे खळगे कुणी दिले कोण जाणे! दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं आणि अंडी हेलकावे खातात. आतल्या कप्प्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. उकडलेली अंडी सोलून बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नकोत, आणि फ्रिजमध्ये टरफलासकट आठवडाभर.

शंका आली तर पाण्याच्या खोल भांड्यात सोडा. आडवं बुडालं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण फोडून वास पाहून वापरण्यासारखं, तरंगलं तर टाकून द्या. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका, सुरीच्या टोकाने काढा.

किती खायची

कोलेस्टेरॉलची भीती कुठून आली ते थोडक्यात. १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत असं सांगितलं आणि ते जगभर पसरलं. अंड्यात साधारण १८६ मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, हे खरंच आहे. पण रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत तयार करतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबी रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त वाढवते. २०१५ च्या अमेरिकन आहारसूत्रांतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा गेली. त्याच हार्ट असोसिएशनने २०१९ मध्ये निरोगी माणसाला रोज एक पूर्ण अंडं चालेल असं म्हटलं, आणि कोलेस्टेरॉल ठीक असलेल्या वयस्करांना दोन.

यावरून मी घरात असं ठरवलं आहे: सगळ्यांना रोज एक बलकासकट, भूक जास्त असेल तर वरचं पांढरंच. मधुमेह, हृदयविकार किंवा घराण्यातच कोलेस्टेरॉल असेल तर आकडा डॉक्टरांशी बोलून. आधी वडा, फरसाण, वनस्पती तूप, बेकरीची खारी कमी करायची आणि मग बलकाकडे वळायचं. बाबांनी नेमकं उलटं केलं होतं.

आणि दोन अंडी खाल्ली म्हणजे दिवसाचं प्रोटीन झालं असंही नाही. ५५ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतं. दोन अंड्यांतून बारा. उरलेलं डाळ, उसळ, दही, दाणे यांतूनच यायचं. व्यायामशाळेतली पोरं कच्ची अंडी ग्लासात फोडून पितात, त्यांना एवढंच सांगते: १९९८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं ९० टक्क्यांहून जास्त प्रोटीन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५० टक्के. शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं ॲव्हिडिन बायोटिन या जीवनसत्त्वाला अडवतं, आणि पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला या जंतूची भीती वेगळीच. निम्मं अंडं वाया घालवून वर पोट बिघडवून घ्यायचं, हा कसला शौर्याचा प्रकार?

मुलांचं अंडं आणि केळ्याचा प्रश्न

बाळाला सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालं की पक्कं उकडलेलं अंडं देता येतं. पहिल्या दिवशी पाव चमचा, सकाळच्या वेळी, म्हणजे काही झालं तर दिवसभर लक्ष राहतं. अंगावर गांधी, ओठ सुजणं, उलटी यातलं काही दिसलं तर थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर एक क्षणही थांबू नका. काही नाही झालं तर हळूहळू वाढवा. अंगावर इसब असलेल्या बाळाला देण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा.

महाराष्ट्रात आदिवासी भागात २०१५ पासून ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. आधी गरोदर आणि स्तनदा मातांसाठी, मग अंगणवाडीतल्या मुलांसाठी, आणि त्यात आठवड्याला चार दिवस अंडं. जे अंडं खात नाहीत त्यांना केळी. शाळेच्या पोषण आहारातही २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं, त्यालाही केळ्याचा पर्याय होता, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबला. धर्म-जातीवरून अंड्याची भांडणं होतात त्यात मी पडत नाही. पण हिशेब सांगते. केळ्यात प्रोटीन एक-सव्वा ग्रॅम. केळं चांगलं फळ आहे, पण ते अंड्याचा पर्याय नव्हे. अंडं न खाणाऱ्या मुलाला बरोबरीचं द्यायचं तर मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे गुळाबरोबर द्या, सात ग्रॅम प्रोटीन होतं. चार वर्षांखालच्या मुलाला कूट करूनच. वर कपभर दूध दिलं तर बी-१२ चीही थोडी सोय होते.

कुणी जपून

अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी केक, बिस्किटं, मेयोनीज यांची वेष्टनं वाचावीत. गरोदर बायका, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पातळ बलकाचं हाफ फ्राय आणि कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीज टाळावं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला बलकातलं फॉस्फरस जड जातं, म्हणून त्याला पांढरंच सांगतात; तेही किती, ते डायलिसिस चालू आहे का यावर ठरतं. तो हिशेब घरच्या घरी करू नये.

‘अंडी उष्ण पडतात’ म्हणून उन्हाळ्यात बंद करणारी घरं पुष्कळ. अंड्यात ऋतू पाहून बदलणारं असं काही नाही. उन्हाळ्यात सांभाळायचं ते साठवणीचं: बाहेर पडून राहिलेली अंडी लवकर खराब होतात. श्रावणात मागणी उतरली की भावही उतरतो, तेव्हा आमच्याकडे तीसचा ट्रे येतो.

राहिला वास. आमच्या सासूबाई अंडं खात नाहीत, त्यामुळे अंड्याची कढई आणि उलथनं वेगळं, बाल्कनीतल्या कपाटात. भांडी आधी गार पाण्याने धुवायची. गरम पाण्यात अंड्याचा चिकटा शिजून आणखी घट्ट बसतो. मग लिंबाच्या पिळलेल्या सालीवर मीठ टाकून चोळायचं, आणि नंतर साबण. हे करायला लागल्यापासून सासूबाईंनी खिडक्या उघडायला लावणं बंद केलंय.